विकतचा बर्फ

न्यू जर्सीत बर्फ पडला की आमच्या गल्लीत कोणी कौतुकानं खिडकीशी उभं राहत नाही. आदल्या रात्री दारापुढं मीठ फेकायचं, सकाळी सहाला फावडं घेऊन ड्राइव्हवे उपसायला लागायचं, आणि तासाभरानं जरा पाठ सरळ करावी तर टाउनशिपचा नांगर लावलेला ट्रक येतो नि रस्त्यावरचा सगळा ढीग आपल्याच दाराशी लोटून जातो. कमरेवर हात ठेवून त्या ट्रककडे बघणाऱ्या नवऱ्याच्या तोंडून जे मराठी निघतं, ते इथल्या मराठी शाळेच्या अभ्यासक्रमात नाही. हाच माणूस, हीच कंबर घेऊन, जानेवारी लागला की ग्रुपवर विचारतो, "काय मंडळी, यंदा बर्फ बघायला कुठे जायचं?"

आणि मंडळी हिरिरीनं उत्तरं देतात. दारातल्या बर्फाला शिव्या आणि तीनशे मैलांवरच्या बर्फाला डॉलर, यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीला आपण नावं ठेवतो हे ठाऊक होतं; पैसे मोजूनही नावं ठेवायची राहत नाहीत, हे अशा सहलींत कळतं.

यंदा ठरलं लेक प्लॅसिड. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ॲडिरॉन्डॅक डोंगरांतलं दोन-अडीच हजार वस्तीचं गाव, पण हिवाळी ऑलिंपिक दोनदा भरवलेलं, १९३२ आणि १९८० साली. मार्टिन ल्यूथर किंग जयंतीची सुट्टी जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी येते, म्हणजे संक्रांत झाल्या झाल्या. तिळगूळ शिल्लक असतो, रथसप्तमी व्हायची असल्यानं हळदीकुंकवाची मुदत संपलेली नसते, आणि सलग तीन दिवस मोकळे. ही सुट्टी अमेरिकन काँग्रेसनं आपल्या सोयीसाठीच मंजूर केली असावी, अशी आमच्या ग्रुपची श्रद्धा आहे.

आम्ही चार कुटुंबं. एक नागपूरकर, एक डोंबिवलीकर, एक सातारकर आणि आम्ही पुण्याचे. सातारकराकडं यंदा त्याचे आईवडील आलेले. लोक आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावतात, बागबगिचे दाखवतात. पण डिसेंबरची तिकिटं कशी कोण जाणे स्वस्त मिळाली, म्हणून काका-काकू माकडटोपी आणि मोजे घेऊन ऐन थंडीत येऊन पोचले. काका एसटीच्या सातारा डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. कुठल्याही यंत्राकडं ते आधी खालून बघतात.

नियोजन डोंबिवलीकराकडं. त्यानं एक्सेलचं पत्रक केलं होतं. 'निघणे ५.४०' असं त्यात लिहिलेलं. लोकलच्या सवयीचा माणूस, ५.४० म्हणजे ५.४०, पावणेसहा नव्हे. आम्ही आठला निघालो. पत्रकात कामाची वाटणीही होती, आणि त्यात 'टॉवेल – नागपूरकर' अशी एक ओळ होती. भाड्यानं घेतलेल्या लाकडी घरात फोडणी टाकली की छतावरची धुराची घंटी बोंब ठोकते. तेव्हा मोहरी तडतडायच्या आत एका धट्ट्याकट्ट्या माणसानं टॉवेल घेऊन तिच्याखाली उभं राहायचं आणि वारा घालायचा. हे काम इतक्या वर्षांच्या अनुभवातून थेट पत्रकात पोचलं आहे.

सामान भरताना मला दर वर्षी एक गंमत वाटते. गाडीचा मागचा अर्धा भाग थर्मल, स्नोपँट, हातमोजे, हातमोज्यांच्या आत घालायचे हातमोजे आणि गरम होणाऱ्या पुड्या यांनी भरतो. म्हणजे जे बघायला चाललोय त्याचा अंगाला स्पर्शही होऊ नये, एवढी तयारी. उरलेल्या अर्ध्या भागात कुकर, पोह्यांची पिशवी, डिंकाचे लाडू, फरसाण आणि 'तिथं मिळालं नाही तर' म्हणून घेतलेले पाच किलो कांदे. ऑलिंपिकच्या गावात कांदे मिळतील की नाही, याची खात्री कोणी द्यायची?

आय-८७ हा महामार्ग ऑल्बनीच्या पुढं गेला की त्याला नॉर्थवे म्हणतात. तीस नंबरच्या एक्झिटला तो सोडायचा आणि ७३ नंबरच्या वळणावळणाच्या रस्त्यानं डोंगरात शिरायचं. इथं फोनची रेंज जाते आणि गाडीतली मुलं पहिल्यांदा बाहेर बघतात. काका पुढच्या सीटवर होते. त्यांना डोंगरात रस नव्हता, ते रस्त्याकडं बघत होते.

"हे पांढरं काय पसरलंय?"

"मीठ आहे बाबा. बर्फ धरत नाही मग."

"मीठ?" काका गप्प झाले. पुढच्या रेस्ट एरियात गाडी थांबली तशी सगळे थर्मासच्या चहाकडं पळाले आणि काका गुडघ्यावर बसून गाडीच्या खाली वाकले. उठले ते बोटावरचं पांढरं आम्हाला दाखवत. "पत्रा सडतोय हो. चेसिस धुता का न्हाय कधी? आमच्या रत्नागिरीकडच्या गाड्या नुसत्या खाऱ्या वाऱ्यानं सडायच्या. हितं तर खालून फवारणीच चाललीय." लेकानं आपली गाडी कधीही खालून धुतलेली नव्हती. चहा होईस्तोवर तो बापाच्या नजरेला नजर देत नव्हता.

घराच्या जाहिरातीत 'दहा जणांची सोय' असं होतं. आम्ही चौदा. मुलं धरायची नाहीत, हा आपला जुना हिशेब. गंमत अशी की १९८० च्या ऑलिंपिकला खेळाडूंचीही सोय फारशी ऐसपैस नव्हती. गावाबाहेर रे ब्रूक इथं त्यांच्यासाठी जी इमारत बांधली, ती पुढं तुरुंग करायची हे आधीच ठरलेलं होतं. पैसे मंजूर व्हायचे तर खेळ संपल्यावर तिचा उपयोग दाखवणं भाग होतं. तिथं आजही केंद्र सरकारचा तुरुंग आहे. पदकाच्या आशेनं आलेली जगातली तरुण पोरं कैद्यांच्या खोल्यांत राहून गेली. हे कळल्यावर पोटमाळ्यावरच्या गाद्यांबद्दल कुरकुरणारी डोंबिवलीकरीण जरा निवळली.

शेकोटीची लोखंडी भट्टी पेटवायला तीन अभियंते लागले आणि ती पेटली नाही. एकानं यूट्यूब लावलं, एकानं लाकडाची आर्द्रता हा विषय काढला. काकूंनी तिघांना बाजूला केलं, जाड ओंडके काढून टाकले, बारीक काटक्या आडव्या-उभ्या रचल्या, खाली वर्तमानपत्राचा बोळा सारला आणि एका काडीत जाळ केला. "हवा खेळली पाहिजे रे," एवढंच म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या.

पहाटे मला जाग आली ती बाहेरच्या घरघरीनं. खिडकीतून बघते तर काका अंगणात उभे. माकडटोपी, त्यावर मफलर, लेकाचं जॅकेट, हात पाठीमागं. रस्त्यावर बर्फ लोटणारा अवजड ट्रक. पुढं तिरका पोलादी नांगर, बगलेला आणखी एक पातं आणि मागं मीठ उधळणारी चकती. काका त्याच्याकडं असे बघत होते, जसं आम्ही इथल्या व्हाइटफेस डोंगराचं शिखर बघावं अशी सहल ठरवणाऱ्याची अपेक्षा होती. ट्रक वळवून परत येईपर्यंत ते तिथंच. ड्रायव्हरनं काच खाली केली. काकांनी नांगराकडं बोट दाखवलं, हातानं वर-खाली अशी खूण केली. ड्रायव्हरनं आत काहीतरी ओढलं, पातं वर गेलं, खाली आलं. काकांनी मान डोलावली. "हायड्रॉलिक." मग खिशातून तिळाचा लाडू काढून त्याला दिला. त्या थंडीत लाडवाचा दगड झाला होता. ड्रायव्हरनं तो दाढेखाली धरून पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि गालात ठेवून निघून गेला. तीन दिवसांतलं आमच्यातल्या कोणाचंही स्थानिकांशी झालेलं सगळ्यात मोठं संभाषण ते हेच.

आता तपमान. सकाळी फोनवर उणे १० दिसत होतं, फॅरनहाइटमध्ये. अमेरिकेतला मराठी माणूस एरवी सेल्सियस पार विसरलेला असतो, पण भारतात फोटो पाठवताना त्याला ते अचूक आठवतं, कारण उणे १० फॅरनहाइट म्हणजे उणे २३ सेल्सियस. आकडा थेट दुपटीनं वाढतो. त्याहून थंडी पडत गेली की हा फरक कमी होत होत उणे ४० ला दोन्ही मोजपट्ट्या एक होतात; तिथं मात्र बढाईला वाव उरत नाही. मग वाऱ्याचा गारवा धरून सांगायचं.

गावाचं नाव लेक प्लॅसिड, पण गाव वसलंय ते मिरर लेक नावाच्या दुसऱ्याच तळ्याकाठी; प्लॅसिड तळं थोडं पलीकडं. काकू म्हणाल्या, "असतं बाई, आमच्याकडंपण पाटी एका गावाची नि थांबा दुसऱ्या गावात." हिवाळ्यात हे मिरर लेक गोठतं आणि त्यावर माणसं चालतात, कुत्र्यांच्या गाड्या धावतात. काठावर एक उंच लाकडी घसरगुंडी आहे. वरून टोबोगन सोडतात आणि ती सुसाट सुटून गोठलेल्या तळ्यावर लांबवर जाऊन थांबते.

तिथं पोचायच्या आधी कपडे. चौदा जणांना सगळं चढवायला पाऊण तास गेला. आधी थर्मल, मग लोकर, मग स्नोपँट, मग बूट, मग लक्षात येतं की मोजा आत दुमडलाय, मग बूट काढा. शेवटचा हातमोजा मनगटावर ओढून चेन गळ्यापर्यंत लावली, दार उघडलं, आणि नागपूरकरांचं धाकटं म्हणालं, "आई, शू." त्याची आई काही बोलली नाही. नुसतं दार लावलं.

तळ्यावर पाय टाकायला काका तयार नव्हते. "खाली पाणी हाय ना?" लेकानं समजावलं की चार इंच घट्ट बर्फ असला तर माणूस बिनधोक चालू शकतो, आणि इथं त्याहून बराच जाड आहे. काकांनी टाचेनं ठोकून पाहिलं, एक पाऊल टाकलं, थांबले, दुसरं टाकलं, आणि घसरगुंडीपाशी जाऊन लाकडी टोबोगनच्या खाली बघितलं.

"ब्रेक कुठं हाय?"

ब्रेक नव्हता. सुकाणूही नव्हतं. काका बाजूला झाले. "जिला ब्रेक न्हाय त्या गाडीत मी बसत न्हाय. पास केली कुणी ही?"

नागपूरकर मात्र उसळला होता. "अबे सत्तेचाळीस डिग्रीत क्रिकेट खेळलेले लोक आहोत आपण, याला काय घाबरून राहिले बे!" असं म्हणून तो सगळ्यात पुढं बसला. त्याच्या मागं मी, माझ्यामागं काकू, प्रत्येकीचे पाय पुढच्याच्या कुशीत. माणसानं दांडा ओढला. पुढचं मला दिसलं नाही, कारण समोर नागपूरकराची पाठ होती; ऐकू मात्र आलं. सत्तेचाळीस डिग्रीतला तो माणूस उतारावर 'आई गं'पासून सुरू करून थेट गणपतीपर्यंत पोचला. टोबोगन तळ्याच्या मध्याकडं स्वतःभोवती गिरक्या घेत थांबली. काकू शांतपणे उठल्या, शाल झटकली, मागं बघितलं. "आणखी एकदा बसता येतं का गं?"

दुपारी हायस्कूलसमोरचा स्केटिंगचा अंडाकृती ट्रॅक बघितला. १९८० साली एरिक हायडननं इथं पाचशे मीटरपासून दहा हजार मीटरपर्यंतची पाचच्या पाच सुवर्णपदकं एकट्यानं जिंकली. आमच्यापैकी कोणाचीही दहा मीटरची तयारी नव्हती. मुलं मात्र याच देशात वाढलेली, सुळकन निघून गेली आणि लांबून "बाबा, गुडघे वाकव!" असं ओरडत राहिली. गुडघे वाकले, ठरल्यापेक्षा जास्तच वाकले.

शेजारच्या आइस हॉकीच्या स्टेडियमात त्याच ऑलिंपिकला, २२ फेब्रुवारी १९८० ला, अमेरिकेच्या कॉलेजकुमारांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं. अमेरिकन माणूस आजही हे सांगताना भारावतो. नवऱ्यानं तिथली माहिती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, "म्हणजे ही फायनल नव्हतीच! सुवर्णपदक त्यानंतर फिनलंडला हरवल्यावर मिळालंय." पुणेकराला दुसऱ्याच्या आनंदात अशी एखादी जागा सापडली की त्याचे तिकिटाचे पैसे वसूल होतात. डोंबिवलीकर म्हणाला, त्र्याऐंशीला आपण लॉर्ड्सवर जिंकलो ती मात्र फायनल होती. मग तासभर कपिलदेव.

हे गाव थंडीतल्या सहलीचं ठिकाण म्हणून नावारूपाला आणलं मेल्विल ड्युईनं, हे मला तिथं कळलं. हा तोच, ज्याच्या दशांश पद्धतीचे आकडे आपल्या ग्रंथालयांत पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेले असतात. त्यानं १८९५ साली इथं क्लब काढला, आणि १९३२ चं ऑलिंपिक गावात खेचून आणलं ते त्याच्या मुलानं. पण या क्लबात ज्यूंना प्रवेश नव्हता. त्यावरून १९०५ साली एवढा गदारोळ झाला की ड्युईला राज्य ग्रंथपालाचं पद सोडावं लागलं. जगातल्या सगळ्या ज्ञानाला कप्पे पाडून देणारा माणूस. माणसांना कप्पे पाडायचा मोह त्याला आवरला नाही. हिंगाचा वास येणारी आमची चौदा डोकी त्यानं कुठल्या क्रमांकाखाली घातली असती, कोणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी व्हाइटफेस, म्हणजे स्कीइंगचा डोंगर. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उताराची उंची ३,४०० फुटांहून जास्त. मुलं नवशिक्यांच्या उतारावर, आम्ही खाली फोन धरून. काका बराच वेळ पाळण्यात बसून वर जाणारे आणि घसरत खाली येणारे लोक बघत होते.

"तिकीट कशाचं?"

"वर जायचं, बाबा. लिफ्टचं."

"आणि उतरणं फुकट?"

"हो."

"आणि उतरून परत वर?"

"हो."

काकांनी मान हलवली. एकाच खेपेचे दिवसभर पैसे वसूल करणारा असा मार्ग महामंडळाला कधी सापडला नव्हता. मग त्यांची नजर उताराकडेच्या तोफांसारख्या यंत्रांकडं गेली. पाणी आणि दाबाची हवा एकत्र फवारून ती कृत्रिम बर्फ पाडतात. १९८० ला बर्फ पुरेसा पडेना, तेव्हा हिवाळी ऑलिंपिकच्या इतिहासात पहिल्यांदा कृत्रिम बर्फ वापरला गेला, तो इथंच. हे सांगितल्यावर काका यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. "एवढ्या बर्फाच्या गावात बर्फ करायचा कारखाना. आणि तुझ्या दारात पडतो तो फावड्यानं फेकायचा." आमच्यापैकी कोणाकडं याला उत्तर नव्हतं, म्हणून डिंकाचे लाडू काढले.

तिथूनच परतताना एका फलकावर माउंट मार्सीची उंची दिसली. न्यूयॉर्क राज्यातलं सर्वोच्च शिखर, ५,३४४ फूट. आठ इंचांवर बर्फ असला की या भागातल्या उंच डोंगरांत बर्फावरचे रुंद जोडे किंवा स्की सक्तीचे. नाहीतर पाय रुतून वाटेवर खड्डे पडतात आणि मागच्यांचे हाल होतात. आम्हाला जायचं नव्हतंच. पण नवऱ्यानं फोन काढला. कळसूबाई ५,४०० फूट. छप्पन फुटांनी आपण वर! गाडीत एकदम उत्साह संचारला. शिड्या चढून कळसूबाईला जाऊन आलेला प्रत्येक जण आता मार्सी सर केल्याच्या थाटात बोलू लागला. कळसूबाईला कधीच न गेलेला डोंबिवलीकर सगळ्यात मोठ्यानं बोलत होता.

संध्याकाळी अंगणातला गरम पाण्याचा टब. डोक्यावर उणे वीसची हवा, गळ्यापर्यंत कढत पाणी, केसांवर बर्फाची पांढरी लव, वर लख्ख चांदणं. अशा जागी माणसं काय बोलतात? ग्रीनकार्डच्या तारखा. नागपूरकराची तारीख गेल्या महिन्यात हललीच नाही, डोंबिवलीकराची मागं गेली. मग पुण्यातले फ्लॅटचे भाव, मग मुलांची कॉलेजं, मग परत ग्रीनकार्ड. बर्फाकडं कोणी बघत नव्हतं. आत काकूंनी हळदीकुंकवाची तयारी केली होती. साताऱ्याहून वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणलेल्या. ओल्या केसांनी, बाथरोबवर शाल घेऊन आम्ही कुंकू लावून घेतलं. टॉवेलधारी नागपूरकर घंटीखाली उभा, कारण रश्शाची फोडणी चालू होती.

जेवणानंतर हिशेब. ॲप होतं, तरी कागद निघालाच. शाकाहाऱ्यांनी कोंबडीचे पैसे का द्यायचे, हा दरवर्षीचा प्रश्न. मग आम्ही पनीरचे का द्यायचे, हा दरवर्षीचा जवाब. पाच वर्षांखालचं मूल अर्धं धरायचं की पाव? काका-काकूंना हिशेबात धरायचं नाही, असं सगळे एकमुखानं म्हणाले आणि काकांनी खिशातून डॉलरची घडी काढून टेबलावर ठेवली. ती परत त्यांच्या खिशात घालायला डॉलरहून जास्त ताकद लागली.

रात्री नऊ वाजले, म्हणजे साताऱ्यात सकाळचे साडेसात. अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणारी काकांची कंपनी त्या वेळी उतरून चहाच्या टपरीवर असते. काकांनी व्हिडिओ कॉल लावला. लेकाला म्हणाले, मला ते आकडे नीट सांगून ठेव.

"आबा, उणे तेवीस!" काकांनी फोन खिडकीला लावून बाहेरचा काळोख दाखवला. "गोठलेल्या तळ्यावर चाललो. हितला सगळ्यात उंच डोंगर आपल्या कळसूबाईपेक्षा बुटका हाय. बर्फ पाडायचं यंत्र बघितलं. उणे तेवीस, काय समजलास?"

पलीकडं मफलर गुंडाळलेला एक चेहरा चहाचा कप धरून ऐकत होता. त्यानं सावकाश घोट घेतला.

"हितंबी लई गारठा हाय. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठलं. आजच्या पेपरात रंगीत फोटो आलाय, जीपच्या टपावर हिमकण." कप खाली ठेवला. "तुमचं आलंय का पेपरात?"